वाखाचं सूत



1956 साली संसदेने खादी आणि ग्रामोद्योग आयोगाचा कायदा केला. त्यात खादी कशाला म्हणायचं हे सांगितलं आहे. भारतात हाताने कातलेल्या सुती, रेशमी किंवा लोकरी सुताचं, अथवा त्यांच्या मिश्रणाचं, हातमागावर विणलेलं कापड ते खादी. व्याख्या इथे संपते. जवसाच्या खोडातून निघणारा धागा, ज्याच्या कापडाला बाजारात लिनन म्हणतात, तो तिच्यात बसत नाही. ताग बसत नाही, अंबाडी बसत नाही. याच कायद्याला ग्रामोद्योगांची एक यादी जोडली होती आणि काथ्याखेरीज इतर तंतूंचा उद्योग तिच्यात होता. सालीतून निघणाऱ्या तंतूला कायद्याने घरात घेतलं खरं, पण बसवलं ते कापडाच्या पंगतीपासून दूर, दोरखंडांच्या ओळीत.

ही फारकत दिल्लीत जन्मली नाही. ती आपल्या गावगाड्यात फार आधीपासून होती, कायद्याने ती फक्त लिहून काढली. सातारा-सांगलीच्या गावांत वाख, म्हणजे सालीतला हाच तंतू, काढणारे, भिजवणारे, पिळून त्याचं सूत करणारे हात पिढ्यान् पिढ्या होते. त्यांच्याकडून आपण दोर घेतले, दावी घेतली, शिंकी घेतली. कापडाचा विचार मात्र त्यांच्या दारी कुणी नेला नाही. आज मला एवढंच मांडायचं आहे, पण ते पुराव्यानिशी मांडायचं आहे, म्हणून थोडा फेरफटका मारावा लागेल.

सातारा-सांगली मी एका दमात म्हणतो, कारण हे दोन जिल्हे आपल्या आजोबांच्या वेळी एकच होते. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. औंध संस्थान तर या दोन्हींत विखुरलेलं होतं. राजधानी औंध आज साताऱ्यात आहे, आटपाडी आणि कुंडल सांगलीत. पुढे या तिन्ही गावांची नावं पुन्हा येतील.

आधी जवसाबद्दल. चांदोली म्हटलं की आपल्याला वारणेवरचं धरण आठवतं. मी म्हणतो ती चांदोली पुणे जिल्ह्यात, घोड नदीच्या काठी आहे. डेक्कन कॉलेजच्या देव आणि अन्सारी यांनी तिथे उत्खनन केलं, त्याचा अहवाल 1965 मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती. तिथे सापडलेल्या तांब्याच्या मण्यांत ओवलेल्या दोऱ्याचा अवशेष तपासला, तेव्हा तो जवसाच्या तंतूचा निघाला. लिनन म्हणजे युरोपातून आलेली चैन, असं मानणाऱ्यांनी हा दोरा ध्यानात ठेवावा. घोड नदी इथून काही परमुलुखात नाही.

मग आपल्या शेतात जवस असूनही त्याचा धागा का नाही? उत्तर पेरणीत आहे. आपण जवस पेरतो तो बियांसाठी, तेलासाठी, चटणीसाठी. हा वाण बुटका असतो, त्याला फांद्या खूप फुटतात आणि बी पक्कं झाल्यावरच तो काढतात. तोवर खोडातला तंतू राठ होऊन गेलेला असतो, आणि प्रत्येक फांदीपाशी तुटतो. उत्तर फ्रान्स आणि बेल्जियममध्ये धाग्यासाठी वेगळा वाण आहे. तो दाटीने पेरतात, म्हणजे रोप फांद्या न फोडता सरळ वर जातं. शंभरेक दिवसांत खोड पिवळं पडू लागलं की बी पुरतं पिकायच्या आतच रोपं मुळासकट उपटतात. विळा लावत नाहीत, कारण तंतू मुळापर्यंत गेलेला असतो आणि कापला की तेवढी लांबी वाया जाते. नंतर ते शेतातच पसरून ठेवतात आणि दवावर कुजू देतात. आपल्या माण-खटावच्या माघ-फाल्गुनात एवढं दव कुठून आणायचं? म्हणून सांगलीच्या दुकानात लिननचा सदरा घेतला, तर त्याचा तंतू बहुधा त्या परदेशी शेतांतून आलेला असतो, मग सूत भारतात कातलेलं का असेना.

तेव्हा सातारा-सांगलीत उद्यापासून जवसाचं लिनन काढा, असं मी म्हणणार नाही. तसं सांगणारे उत्साही लोक भेटतात. त्यांनी एकदा दवाचा हिशोब करावा. पण जवसाची सख्खी भावंडं म्हणावीत अशी दोन पिकं आपल्या मातीत पहिल्यापासून आहेत, ताग आणि अंबाडी. वनस्पतिशास्त्रात ती वेगवेगळ्या कुळांतली आहेत, पण धागा तिघांचाही एकाच जागी असतो: बाहेरची साल आणि आतलं लाकूड यांच्यामध्ये, उभ्या पट्ट्यांनी, पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्याने जखडलेला. तो सोडवायचा तर खोड पाण्यात बुडवायचं. पाण्यातले जिवाणू ते पेक्टिन खातात आणि साल लाकडापासून सुटते. ताग उबदार, संथ पाण्यात चार ते सात दिवसांत कुजतो. एक दिवस आधी काढला तर साल हट्टाने चिकटून राहते, दोन दिवस उशीर झाला तर जिवाणू तंतूलाच लागतात आणि वाख हातात तुटतो. वेळ झाली की नाही, हे घड्याळ सांगत नाही. पेंढीतून एक काडी ओढायची, बुडाकडून मोडायची आणि साल वर खेचायची. ती टोकापर्यंत सलग सोलून आली, तर त्याच दुपारी सगळा भारा बाहेर काढायचा.

हे ज्ञान ज्यांचं, तो मातंग समाज. बलुतेदारीत शेतकऱ्याला दोर पुरवणं हे त्यांच्याकडे होतं. नांगर, मोट, बैलगाडी, गोठा, यांतलं काहीही दोराशिवाय चालत नव्हतं. मोटेचा जाड नाडा वेगळा, तिच्या सोंडेचा बारीक सोंदूर वेगळा. कासरा वेगळा, दावं वेगळं, वेसण वेगळी. वेसण बैलाच्या नाकातून जाते, तेव्हा ती मऊ आणि गुळगुळीत हवी. नाड्यावर पाण्याने भरलेल्या मोटेचं वजन येतं, तेव्हा तो ताणला जाऊन चालत नाही. एकाच वाखातून या निरनिराळ्या गुणांच्या वस्तू काढायच्या, तर तंतू निवडण्यापासून पिळाच्या मापापर्यंत सगळं बदलावं लागतं. कापडाच्या गिरणीत जो माणूस हे ठरवतो, त्याला आपण तंत्रज्ञ म्हणतो आणि खुर्ची देतो.

वाळवा तालुक्यात मी एका वयस्क कारागिराला दोर वळताना जवळून पाहिलं आहे. त्यांनी वाखाची जुडी डाव्या काखेत धरली होती. उजव्या हाताची बोटं शेजारच्या पाण्यात बुडत, वाखाची दोन-चार केसं ओढत आणि चालू सुतात अशी मिसळून देत, की जोड कुठे आहे ते दिसू नये. समोर त्यांचा नातू लाकडी फिरकी फिरवत एक एक पाऊल मागे सरकत होता. पदर पुरेसा लांब झाला की तो ताणून ठेवला जाई. असे तीन पदर झाले, तेव्हा आजोबांनी ते एकत्र घेऊन उलट्या दिशेने पीळ दिला. पदर सुटायला बघतात एकीकडे, दोर सुटायला बघतो दुसरीकडे, आणि दोघं एकमेकांना धरून ठेवतात. मी विचारलं, “आजोबा, बोटं ओली का करता?” ते म्हणाले, “कोरड्या वाखाला कुसं उठत्यात. वला केला की केस केसाला धरून बसतो.”

मित्रहो, लिननचं उत्तम सूत कातण्याची जगभरची रीत हीच आहे. युरोपातल्या कातणाऱ्या बायकांच्या शेजारी पाण्याची वाटी असे. बेलफास्टच्या गिरण्यांत बारीक सुतासाठी तंतू गरम पाण्यातून नेत. ओल्याने उरलंसुरलं पेक्टिन मऊ पडतं, तंतू एकमेकांवर घसरतात आणि वाळल्यावर चिकटून बसतात. सूत गुळगुळीत होतं. आयर्लंडमध्ये ज्याला सूतकताईचं मर्म म्हणतात, ते वाळव्याच्या मातंगवाड्यात घरोघरच्या पोरांना ठाऊक होतं. याच तालुक्यातल्या वाटेगावात, याच समाजात, 1920 मध्ये अण्णाभाऊ साठे जन्मले. त्यांच्या लेखणीने या माणसांचा स्वाभिमान मराठी वाचकांच्या दारात आणून उभा केला. त्यांच्या हातातल्या कसबाकडे मात्र आपण अजून तितक्या आदराने पाहिलेलं नाही.

आता चरख्याकडे वळतो. 24 जुलै 1929 रोजी अखिल भारतीय चरखा संघाने एक बक्षीस जाहीर केलं, एक लाख रुपयांचं. अट अशी की चरखा हाताने किंवा पायाने चालावा, खेड्यातल्या झोपडीत मावावा, किंमत दीडशे रुपयांच्या वर जाऊ नये आणि आठ तासांत बारा ते वीस नंबरचं सोळा हजार फूट सूत निघावं. कुंडलच्या माळरानावर 1910 मध्ये उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीतही या स्पर्धेसाठी चरखा घडवला गेला. ज्या कारखान्याने शेतकऱ्याला लोखंडी नांगर दिला, त्याने हे आव्हान घ्यावं हे साहजिक होतं. बक्षीस अखेर कुणालाच मिळालं नाही. वेग आणि खेड्यातली दुरुस्ती, दोन्ही एकाच यंत्रात बसवणं फार कठीण होतं. किर्लोस्करवाडीच्या प्रयत्नाबद्दल मला मनापासून अभिमान आहे. त्या कारखान्याच्या आसपासच्या गावांत वाख पिळणारी माणसं राहत होती, याचीही आठवण मला होते. स्पर्धा कापसापुरती होती, त्यामुळे त्यांचा प्रश्नच आला नाही.

पुढे 1937 मध्ये वर्ध्याला नई तालीमची कल्पना मांडली गेली आणि शाळांत टकळी आली. औंध संस्थानात तेव्हा मोठा प्रयोग चालू होता. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी राज्यकारभार प्रजेच्या हाती द्यायचं ठरवलं, जानेवारी 1939 मध्ये संस्थानाला लोकशाही घटना मिळाली. त्या कामात त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत यांच्यासोबत मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलिश अभियंते होते, भारतानंद या नावानेही त्यांना ओळखत. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची कैद्यांसाठीची खुली वसाहत त्याच काळातली. याच फ्रीडमन यांनी धनुष टकळी तयार केली, कमी खर्चाची, कुणीही घरी बनवावी अशी. यंत्र माणसाच्या आवाक्यात आणण्याची केवढी कळकळ! तरी टकळीवर चढला तो कापसाचा पेळूच. कापसाची पिंजण, कापसाच्या सुताचा नंबर, कापसाच्या सुताची गुंडी. अंबाडीचा वाख शाळेच्या दप्तराच्या बंदात होता, आडाच्या दोरात होता, वर्गातल्या टकळीवर नव्हता. दोर वळणाऱ्या घरातला मुलगा त्याच वर्गात टकळीवर कापूस कातायला पहिल्यापासून शिकत होता. त्याच्या बोटांत जे आधीच होतं, ते कुणी विचारलं नाही.

लोकरीचं तसं नव्हतं. माण आणि आटपाडीच्या पट्ट्यात धनगरांच्या बायका लोकर कातत आणि सणगर चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी विणत. ती वस्त्र म्हणून मान्य होती, पांडुरंगाच्या वारीपासून लग्नाच्या पाटापर्यंत. कायद्यातही लोकर खादी झाली. हे योग्यच झालं.

आता रंग, कारण वाखाचं कापड व्हायचं तर त्याला रंगही हवा. इथे आपले दोन्ही जिल्हे फार श्रीमंत आहेत, म्हणून इथे मी जरा रेंगाळणार आहे.

लोकर आणि रेशीम प्राणिज असल्याने रंगाला सहज धरतात. कापूस, जवस, ताग हे वनस्पतीचे तंतू. त्यांना बहुतेक रंग बांधायला मधला दुवा लागतो. शिवाय वाखात मेण आणि पेक्टिन उरलेलं असतं, तागात थोडं लिग्निनही. ते तसंच ठेवून रंग चढवला तर तो वरवर बसतो आणि पहिल्या धुण्यात उतरतो. म्हणून आधी धुण्याच्या सोड्यात लडी तास-दीड तास उकळायची. पाणी चहासारखं होतं. ते टाकून, पुन्हा पाणी घेऊन, पाणी स्वच्छ राहीपर्यंत हे चालवायचं. यात घाई करणाऱ्याचा रंग कधीच टिकत नाही.

मग हिरडा. महाबळेश्वरपासून कोयनेपर्यंतच्या उतारांवर हा वृक्ष आहे. पक्क्या हिरड्याच्या सालीत टॅनिन भरपूर असतं. सुताच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकी पूड पाण्यात कालवून लडी तीत रात्रभर ठेवायची, सकाळी पिळून न धुता वाळवायची. सूत मळकट पिवळं दिसतं. मग तुरटीचं पाणी. तुरटीतलं ॲल्युमिनियम हिरड्याच्या टॅनिनला धरतं, टॅनिन तंतूला धरून असतं, आणि आता येणारा रंग त्या ॲल्युमिनियमवर बसतो. मंजिष्ठेच्या मुळ्या घातल्या तर लाल येतो, आणि हा लाल खरा टिकाऊ. तुरटीऐवजी लोखंडाचं पाणी दिलं तर त्याच हिरड्यावर काळा उतरतो. लोखंडाचं पाणी करायला गंजके खिळे आणि गूळ पाण्यात घालून काही दिवस आंबवायचं. खिळे कुठल्याही गावात मिळतात, आणि गुळाला कराड-सांगलीच्या माणसाने दुसरीकडे जायची गरज नाही.

हळदीबद्दल इथे, सांगलीत, बोलायचं म्हणजे धाडस आहे. हरिपूरच्या पेवांत वर्षानुवर्षं हळद साठवली गेली. 2005 च्या महापुरात त्यांतली बरीच पेवं बाद झाली, तरी सांगलीचं नाव हळदीवरून पुसलं गेलं नाही आणि 2018 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हळद कापसावर, वाखावर कुठल्याही दुव्याशिवाय चढते. रंग येतो तो डोळे दिपवणारा. पण एक लडी अर्धी पुठ्ठ्याखाली झाका आणि खिडकीत उन्हात ठेवा. थोड्याच दिवसांत उघड्या अर्ध्याचा सोनेरीपणा विटलेला दिसेल. साबण लागला की क्षाराने तीच हळद तांबडी होते, हे प्रत्येक घरातल्या बाईला माहीत आहे. नैसर्गिक रंग म्हणून हळदीचं कापड विकणाऱ्याने ही गोष्ट ग्राहकाला आधी सांगितली पाहिजे. नैसर्गिक हे विशेषण लावलं की खरं बोलायची जबाबदारी वाढते. मी स्वतः हळद फक्त अशा वस्तूंवर वापरावी म्हणेन ज्यांचं काम एका समारंभापुरतं आहे. हळदीच्या कार्यक्रमाला तर ती शोभतेच.

करडईचं पाणी वेगळं आहे. तिच्या पाकळीत दोन रंग असतात. पिवळा पाण्यात विरघळतो. तांबडा पाण्यात विरघळत नाही, क्षारात विरघळतो. म्हणून पाकळ्या फडक्यात बांधून वाहत्या पाण्यात पिवळा निघून जाईपर्यंत चोळायच्या, मग पापडखार घालून मळायच्या, आणि त्या पाण्यात सूत बुडवून वर लिंबू पिळायचं. आंबट लागताच सुतावर गुलाबी फुलतो. हाच कुसुंबी. इजिप्तमधल्या ममींना गुंडाळलेल्या जवसाच्या कापडांत करडईने रंगवलेली कापडं सापडली आहेत. कोरड्या, अंधाऱ्या कबरीत हा रंग टिकला. उन्हात हाही नाजूक आहे. फलटणला 1968 मध्ये बनबिहारी निंबकर यांनी कृषी संशोधन संस्था काढली आणि करडईवर तिथे मोठं काम झालं. बिनकाट्यांचे वाण तिथे निघाले. काटेरी करडईच्या पाकळ्या वेचायच्या म्हणजे बोटं रक्ताळतात. बिनकाट्यांच्या झाडावरून बाया त्या आरामात वेचतात, आणि फलधारणा झाल्यावर वेचल्या तर दाण्याचं उत्पन्नही घटत नाही. तेलही राहतं, रंगही मिळतो. शेतकऱ्याला असंच गणित हवं असतं.

म्हणजे हिरडा डोंगरात आहे, करडई फलटणच्या रानात आहे, गूळ आणि हळद बाजारात आहे. तंतू कुठे आहे? तोही शेतात आहे, आणि आपण तो दर वर्षी जमिनीत गाडतो. उसाच्या आधी हिरवळीचं खत म्हणून ताग पेरायचा आणि फुलोऱ्याला आला की पंचेचाळीस-पन्नास दिवसांत नांगरून टाकायचा, ही आपल्या कृष्णाकाठची रूढ पद्धत आहे. जमिनीसाठी ती चांगलीच आहे, ती मोडा असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एका पट्ट्यापुरतं आहे. ज्याला पूर्वहंगामी ऊस लावायचा आहे, त्याची लागण ऑक्टोबरच्या मध्यापासून होते. मृगाच्या पावसावर पेरलेला ताग सप्टेंबरच्या अखेरीस शंभर दिवसांचा होतो. तेवढ्या पट्ट्यात तो उभा राहू द्यावा. पेंढ्या चार दिवस रानातच उभ्या केल्या की पाला तिथेच गळतो, त्याचं खत जमिनीलाच मिळतं. वाख काढल्यावर उरणाऱ्या सणकाड्या चुलीला होतात.

कुजवण मात्र ओढ्यात किंवा नदीत करू नये. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. बेल्जियममधल्या लिस नदीचं पाणी जवसाच्या कुजवणीने असंच खराब झालं होतं. शेततळ्याच्या बाजूला वेगळा हौद बांधावा आणि ते पाणी वापरून झालं की शेताला द्यावं. वास येतो, तो सहन करावा लागेल.

तागाच्या सुताचा सदरा होईल, अशी आशा मी दाखवत नाही. तागाचा तंतू जवसापेक्षा राठ आहे. पिशव्या, बैठकी, पडदे, पुस्तकांची बांधणी, दिव्यांची आच्छादनं, यांना तो उत्तम. अंबाडीची जागा चटयांत आणि पट्ट्यांत. ज्या संस्थांना हे करायचं आहे, त्यांनी आधी शिक्षक नेमावेत आणि ते दोर वळणाऱ्या घरांतून नेमावेत. नायलॉन आल्यापासून या घरांतले बरेच हात थांबले आहेत. साठी-सत्तरीच्या पुढची माणसं अजून आहेत, त्यांना रोजंदारीवर बोलावू नका. शिक्षकाचं मानधन द्या, हजेरीपटावर शिक्षक म्हणून नाव लिहा, आणि मुलांना त्यांच्या काखेतल्या जुडीजवळ बसू द्या. खादीच्या व्याख्येत ताग, अंबाडी आणि जवस यांची भर घालावी, अशी मागणी आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या खासदारांकडे लेखी करावी. त्यासाठी लागणारा मजकूर एका ओळीचा आहे. जूनमध्ये पेरायचं असेल, तर शिक्षकांशी बोलणी उन्हाळ्यातच व्हायला हवीत.